मामाच्या घरची यजमानीण



गेल्या चातुर्मासात आमच्या चिंचवडच्या घरी नणंदेची मुलगी राहायला होती. ती लहान मुलांची डॉक्टर होण्यासाठी शिकते आहे. हॉस्पिटल घरापासून जवळ, म्हणून होस्टेलपेक्षा मामाचं घर बरं, असं ठरलं. रात्रपाळी करून सकाळी यायची, वरण-भात खाऊन तशीच सोफ्यावर झोपायची, आणि तिचं एक बुटकं जाडजूड पुस्तक जेवणाच्या टेबलावर पडलेलं असायचं. मी रोज ते उचलून टीव्हीजवळ ठेवायचे. रोज ते परत टेबलावर.

एकदा पुसता पुसता नाव वाचलं. ‘हॅरिएट लेन हँडबुक’. मला वाटलं, कुणी डॉक्टरीणबाई असेल लेखिका. तिला विचारलं, तर म्हणाली, “नाही मामी, हे तर अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये शिकणारे डॉक्टरच लिहितात. बाळाच्या वजनाप्रमाणे औषध किती द्यायचं ते यात बघायचं. आम्ही सगळे नुसतं ‘हॅरिएट लेन’ म्हणतो. रात्री अडलं की कुणीतरी ओरडतंच, हॅरिएट लेन कुठंय?”

“अगं पण ही बाई कोण?”

“ते नाही बाई माहीत,” असं म्हणून ती झोपली.

रात्री-बेरात्री जिचं नाव घेऊन हाका मारतात ती बाई कोण हे कुणालाच माहीत नसावं, हे काही मला बरं वाटलं नाही. शोधायला बसले. आणि मग कळलं की ही डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती. ही होती अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाची भाची. मामाच्या घरी राहिलेली भाची! ते वाचल्यावर मला काही राहवेना. आज तिचीच गोष्ट सांगते.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या घरात, म्हणजे व्हाइट हाऊसमध्ये, पाहुण्यांचं स्वागत करायला घरधनीण लागते अशी पहिल्यापासून समजूत. राष्ट्राध्यक्षाची पत्नी हयात असेल आणि तिची तब्येत बरी असेल तर प्रश्न नाही. पण नसेल तर? मग घरातल्या दुसऱ्या बाईवर ते काम यायचं. जेफर्सनची बायको आधीच वारलेली, तर त्याची मुलगी मार्था अधूनमधून येऊन ते बघायची. अँड्र्यू जॅक्सन निवडून आला आणि शपथ घेण्याआधीच त्याची पत्नी गेली, तेव्हा तिची भाची एमिली पुढे झाली. व्हॅन ब्यूरनकडे सून होती. चेस्टर आर्थर आणि ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्याकडे बहिणी आल्या. मुलगी, भाची, सून, बहीण. आपल्या एखाद्या लग्नघरात करवल्या नेमाव्यात तशी ही यादी वाटते. यातल्या कुणालाही कुणी निवडून दिलेलं नव्हतं, पगार नव्हता आणि नाही म्हणायची सोयही फारशी नसावी.

आपल्याकडेही हे झालंच आहे. कमला नेहरू १९३६ साली गेल्या, त्यामुळे स्वातंत्र्यानंतर पंतप्रधानांच्या तीन मूर्ती भवनात परदेशी पाहुण्यांची उठबस इंदिराजींनीच पाहिली. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले तेव्हा त्यांच्या पत्नीला जाऊन काही वर्षं झाली होती. कलामसाहेब तर अविवाहितच. त्यांच्यानंतर २५ जुलै २००७ ला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या आणि सगळं उलटंच झालं. तीनशे चाळीस खोल्यांच्या त्या घराची कर्ती बाईच. ‘राष्ट्रपती’ हा शब्द बाईला कसा लावायचा यावरच तेव्हा केवढी चर्चा! ओबामा पती-पत्नी २०१० च्या नोव्हेंबरात आले तेव्हा राष्ट्रपती भवनातली मेजवानी ताईंनी दिली, कुणाची बायको, मुलगी किंवा भाची म्हणून नाही, तर देशाच्या प्रमुख म्हणून. आणि त्यांच्याबरोबर वावरायचे अमरावतीचे देवीसिंहजी शेखावत. त्या खुर्चीवर ताईंच्या आधी बाई नव्हती, त्यामुळे राष्ट्रपतींच्या यजमानांनी कुठं उभं राहायचं, याचा त्याआधी कुणी विचारही केला नसेल.

पण ही झाली आत्ताची गोष्ट. हॅरिएटची गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

तिचा जन्म ९ मे १८३० चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मर्सर्सबर्ग गावात. आई नऊ वर्षांची असताना गेली, पाठोपाठ वडील. अकराव्या वर्षी पोरकी. भावंडं होती, बाकी नातेवाईकही होते, पण तिनं सांगितलं की मला जेम्समामाकडे राहायचं आहे. जेम्स ब्युकॅनन हा आईचा भाऊ. वकील, मोठा राजकारणी आणि अविवाहित. तरुणपणी, १८१९ साली, त्याचा साखरपुडा मोडला आणि थोड्याच दिवसांत ती मुलगी वारली. त्यानंतर त्यानं लग्नच केलं नाही. अशा एकट्या माणसानं एक अवखळ मुलगी सांभाळायला घेतली. मला याचंच कौतुक वाटतं. आपल्याकडे आई गेलेल्या मुलांना आजोळ असतं, पण तिथे आजी असते, मामी असते. इथे नुसताच मामा.

त्यानं तिला चांगल्या शाळांत घातलं. शेवटची दोन वर्षं तर वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊनला जोगिणींच्या कॉन्व्हेंटमध्ये. तो स्वतः वेगळ्या पंथाचा, त्यामुळे लोकांनी नावं ठेवली, पण शिक्षण चांगलं आहे ना, मग झालं. सुट्टीत ती लँकेस्टरला मामाच्या घरी यायची. तिच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. थंडीचे दिवस होते. एका गरीब म्हाताऱ्या बाईच्या घरी जळण नाही असं तिला कळलं. हिनं सरळ एक हातगाडी घेतली, त्यात लाकडं भरली आणि गावाच्या भर रस्त्यातून ढकलत नेली. एवढ्या मोठ्या माणसाची भाची, हातगाडी ढकलते! मामानं रागावून विचारलं म्हणतात. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढं मी तिच्याकडे परत येणार आहे.

ब्युकॅनन १८५३ साली अमेरिकेचा वकील म्हणून लंडनला गेला. दुसऱ्या वर्षी हॅरिएट तिथे पोचली, वय चोवीस. दरबारात प्रश्न आला, हिला कुठं बसवायचं? वकिलाची पत्नी असती तर जागा ठरलेली. भाचीची जागा कुठली? राणी व्हिक्टोरियानं तो प्रश्न सोडवला. तिनं हॅरिएटला वकिलाच्या पत्नीचा दर्जा दिला. म्हणजे भाची असून पत्नीच्या रांगेत. लंडनमध्ये ती शिकली की कुणाशी किती बोलायचं, काय ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, आणि जेवणाच्या टेबलावर कोणाला कोणाशेजारी बसवायचं. हे शेवटचं पुढे तिला फारच उपयोगी पडलं.

१८५७ च्या मार्चमध्ये ब्युकॅनन राष्ट्राध्यक्ष झाला आणि सव्वीस वर्षांची हॅरिएट व्हाइट हाऊसची यजमानीण झाली. १८५७ म्हटलं की आपल्याला मीरत आणि झाशी आठवते. तिकडेही तो देश फुटायच्या वाटेवरच होता. दक्षिणेकडच्या राज्यांत माणसं विकत घेऊन कापसाच्या शेतात राबवत, उत्तरेत त्याला विरोध वाढत होता. ब्युकॅननच्या शपथविधीनंतर दोनच दिवसांनी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की काळ्या वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. आणि राष्ट्राध्यक्ष त्या निकालाच्या बाजूचा.

अशा दिवसांत ती मेजवान्या करत होती. मोठी मेजवानी म्हणजे चाळीसेक पाने. एका बाजूला दक्षिणेचे सिनेटर, एका बाजूला उत्तरेचे, आणि त्यांच्या बायका. काही जण एकमेकांशी बोलत नसत. हॅरिएट तासन् तास बसून आखणी करायची की मान-पानही राखला जाईल आणि भांडकुदळ माणसं शेजारी येणार नाहीत. राजकारणाचा विषय टेबलावर निघणार नाही हे ती बघायची.

ज्यांनी लग्नाची पंगत बसवली आहे त्यांना हे काय असतं ते कळेल. मला तर माझेच दिवस आठवले. नव्वदच्या दशकात आमच्या ह्यांच्या कंपनीत परदेशी तंत्रज्ञ यायचे आणि साहेब लोकांच्या घरी एक जेवण व्हायचं. त्यातलं एक आमच्याकडे. आमच्या घरी चौविहार, सूर्यास्तानंतर जेवण नाही, कांदा-लसूण-बटाटा नाही. पाहुणे यायचे आठ वाजता. मी सासूबाईंचं ताट साडेपाचला वाढून, माझं आटपून, मग पुन्हा पदर खोचून पाहुण्यांचा स्वयंपाक करायचे आणि स्वतः न जेवता त्यांच्याबरोबर टेबलाशी बसायचे. एका जर्मन गृहस्थांना वाटलं, मी रागावले आहे म्हणून जेवत नाही. ह्यांनी कसंबसं समजावलं. दुसऱ्या दिवशी करारावर सह्या झाल्या, पेढे आले. मी बी.कॉम. आहे, सगळ्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिते. त्या संध्याकाळचं काम कुठल्या खात्याला मांडायचं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

हॅरिएटचंही तसंच. तिला पगार नव्हता. राष्ट्राध्यक्षाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर मिळायचे आणि मेजवान्यांचा बराचसा खर्च त्याला त्यातूनच करावा लागे. मामा पैशाच्या बाबतीत कडक. कुणी किमती भेटवस्तू पाठवली तर परत करायची, किरकोळ असेल तर ठेवायची, असा त्यानं तिला दंडक घालून दिला होता. हे वाचून मला तो थोडा आवडायला लागला. बाकीच्या बाबतीत त्याच्याविषयी चांगलं बोलणं कठीण आहे.

लोकांना मात्र ती फार आवडली. तिच्यासारखे गळे असलेले पोशाख बायका शिवून घेऊ लागल्या. मुलींना तिचं नाव ठेवायला लागले. सरकारनं एका जहाजाला तिचं नाव दिलं. ‘फर्स्ट लेडी’ हे शब्द विद्यमान राष्ट्राध्यक्षाच्या घरच्या बाईसाठी छापून आले ते पहिल्यांदा तिच्याविषयीच, १८६० साली एका सचित्र साप्ताहिकात, असं मानतात. गंमत बघा, पहिली ‘फर्स्ट लेडी’ बायको नव्हतीच, भाची होती.

त्याच वर्षी दोन मोठे पाहुणे आले. मे महिन्यात जपानचं पहिलं शिष्टमंडळ. आणि ऑक्टोबरात इंग्लंडचा युवराज, राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, अठरा वर्षांचा. व्हाइट हाऊसमध्ये इतकी माणसं झाली की राष्ट्राध्यक्षानं स्वतःचा पलंग पाहुण्यांना दिला आणि आपण बाहेर कुठंतरी अंग टाकलं, अशी आठवण सांगतात. मामाच्या घरी सुट्टीत माणसं जास्त झाली की मामानं गच्चीवर झोपायचं, तसंच. व्हाइट हाऊसमध्ये नाच होणार नाही असं ब्युकॅननचं सक्त म्हणणं. तरुण युवराजाला काय दाखवावं? हॅरिएटनं त्याला मुलींच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत नेलं आणि दोघं चेंडूनं लाकडी बाहुल्या पाडायचा खेळ खेळली. मग तिच्याच नावाच्या जहाजातून सगळे नदीनं वॉशिंग्टनच्या समाधीला गेले. ज्या इंग्रज राजाशी लढून वॉशिंग्टननं देश स्वतंत्र केला, त्याचा पणतू त्या समाधीसमोर टोपी काढून उभा.

हा युवराज आपल्यालाही माहीत आहे बरं का. पुढे १८७५ मध्ये तो मुंबईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून त्याचा घोड्यावरचा पुतळा उभारला, आणि त्या काळ्या पुतळ्यावरून मुंबईच्या त्या भागाला नाव पडलं काळा घोडा. पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला, नाव मात्र तिथेच राहिलं. मी माहेरी मुंबईला जायचे तेव्हा किती वेळा त्या चौकातून गेले असेन. त्या घोड्यावर बसलेल्या माणसाला एका पोरक्या मुलीनं पाहुणचार केला होता, हे आत्ता या वयात कळलं.

युवराज गेला आणि अडीच महिन्यांत, २० डिसेंबर १८६० ला, दक्षिण कॅरोलिना राज्य देशातून फुटलं. मार्चमध्ये लिंकन येईपर्यंत सात राज्यं गेली. काल ज्यांची पानं शेजारी-शेजारी मांडली ती माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा समुद्रावर पहिला गोळा ज्या जहाजानं टाकला म्हणतात, त्याचं नाव ‘हॅरिएट लेन’.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. तिच्या चरित्रात या पाहुणचाराचं फार कौतुक असतं. चार वर्षं तिनं त्या घरात शांतता राखली, हे खरं. पण ज्या विषयावर बोलायचं नाही असं ठरलं होतं, तो विषय म्हणजे लाखो माणसांचं आयुष्य होतं. टेबलावर शांतता राहिली आणि शेतावर चाबूक चालूच राहिला. आपण अहिंसा मानणाऱ्या बायका आहोत. घरात भांडण नको म्हणून आपणही कितीतरी गोष्टींवर गप्प बसतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो. हॅरिएटचा त्यात किती दोष? ती काही निर्णय घेणारी नव्हती. पण तिला त्यातून अगदी मोकळी करावी असंही मला वाटत नाही.

मामा बदनाम होऊन घरी परतला. देश याच्यामुळे बुडाला, असं लोक उघड म्हणत. हॅरिएट त्याच्याबरोबर लँकेस्टरच्या घरी राहिली, युद्ध संपेपर्यंत. कितीतरी स्थळं येऊन गेली होती. शेवटी ११ जानेवारी १८६६ ला तिनं बाल्टिमोरच्या हेन्री जॉन्स्टन नावाच्या बँकवाल्याशी लग्न केलं. वय पस्तीस. त्या काळी म्हणजे फारच. लग्न मामाच्या घरीच लागलं. दोन वर्षांनी मामा गेला. दोन मुलगे झाले. थोरल्याला मामाचं नाव दिलं, जेम्स ब्युकॅनन जॉन्स्टन. धाकटा हेन्री.

आणि मग १८८१ च्या मार्चमध्ये थोरला गेला. चौदा वर्षांचा. सांध्यांचा ताप म्हणतात तो, लहान मुलांना घसा दुखून येतो आणि हृदय धरतो. धाकट्याला वाचवायचं म्हणून नवरा-बायको त्याला घेऊन फ्रान्सला गेले, नीसच्या उबदार हवेत. तिथे १८८२ च्या ऑक्टोबरात तोही गेला. तोच ताप. दोन वर्षांत दोन्ही मुलं. १८८४ साली नवराही गेला.

आईबाप गेले, मामा गेला, मुलं गेली, नवरा गेला. घरात ती एकटी आणि भरपूर पैसा.

आपण बायका अशा वेळी काय करतो ते आपल्याला माहीत आहे. काही देवळाच्या पायऱ्या धरतात, काही अंथरूण धरतात. आपल्या समाजात मगनबाईंचं नाव आठवतं. मुंबईचे दानशूर सेठ माणिकचंद हिराचंद यांची ही मुलगी तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं, आणि तिनं मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. कितीतरी जैन विधवा तिथून शिकून शिक्षिका झाल्या. मगनबाईंच्या पाठीशी वडील होते. हॅरिएटच्या पाठीशी कुणी उरलं नव्हतं.

मुलगे गेल्यावर पती-पत्नीनं आजारी मुलांसाठी एक संस्था काढायचं ठरवलं होतंच. नवरा गेल्यावर ती वॉशिंग्टनला राहायला आली आणि हळूहळू तिचं मृत्युपत्र तयार होत गेलं. ३ जुलै १९०३ ला ती वारली. तेव्हा ते उघडलं.

मृत्युपत्र हा माझ्या आवडीचा विषय आहे. मैत्रिणींना मी नेहमी सांगते, दागिने कुणाला ते तोंडी सांगू नका, लिहून ठेवा. हॅरिएटनं लिहून ठेवलं, आणि कसं! चार लाख डॉलरहून जास्त रक्कम आजारी मुलांच्या दवाखान्याला. मोठी रक्कम एका शाळेला, गाणाऱ्या मुलांच्या शाळेला, आपल्या दोन मुलांच्या आठवणीसाठी. तिची चित्रं एका कलादालनाला, पण अट अशी की देशाचं राष्ट्रीय कलादालन होईल तेव्हा ती तिकडे जावीत. १९०६ साली न्यायालयानं ठरवलं की स्मिथसोनियन हीच ती संस्था, आणि त्या चित्रांपासून अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहाला आकार आला. आणि एक लाख डॉलर मामाच्या पुतळ्यासाठी. त्यातही अट: सरकारनं पंधरा वर्षांत होकार दिला नाही तर पैसे परत. मामाचं नाव कुणाला नको होतं, संसदेत विरोध झाला. होकार आला तो १९१८ मध्ये, मुदत संपत असताना. पुतळा उभा राहिला १९३० मध्ये. मामा चुकला होता, हे जगाला माहीत होतं. तिलाही माहीत नसेल असं नाही. पण अकराव्या वर्षी ज्यानं घरात घेतलं, त्याच्यासाठी तिनं मुदत घालून भांडण मांडून ठेवलं. पंधरा वर्षांची अट घालणारी ती बाई बी.कॉम. नसूनही हिशेबाला पक्की होती.

दवाखाना १९१२ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलला जोडून उघडला. हॅरिएट लेन होम. अमेरिकेत वैद्यकीय शाळेला जोडलेला लहान मुलांचा असा पहिलाच दवाखाना. तिथे १९३० पासून हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टर मुलांच्या हृदयाचा विभाग बघायच्या. सांध्यांच्या तापानं हृदय बिघडलेली मुलं त्यांच्याकडे यायची. म्हणजे ज्या आजारानं हॅरिएटचे जेम्स आणि हेन्री गेले, त्याच आजाराची मुलं तिच्याच पैशांनी बांधलेल्या दवाखान्यात. टॉसिगबाईंना पुढे नीट ऐकू येत नसे, तर त्या हातानं मुलांच्या छातीची धडधड जोखायच्या. जन्मतः हृदयात दोष असलेली, ओठ निळे पडलेली बाळं जगवता येतील, हे त्यांना सुचलं, आणि २९ नोव्हेंबर १९४४ ला हॉपकिन्समध्ये सर्जन ब्लॅलॉक यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून व्हिव्हियन थॉमस नावाचे काळे सहायक एकेक टाका सांगत होते. हॅरिएटच्या टेबलावर ज्या माणसांविषयी बोलायचं नव्हतं, त्यांच्यातलाच एक. त्याच दवाखान्यात लिओ कॅनर या डॉक्टरांनी मुलांच्या मनाच्या आजारांचा विभाग चालवला. ज्याला आपण ऑटिझम म्हणतो, त्याचं वर्णन त्यांनी १९४३ साली केलं. ती जुनी इमारत आता नाही. नाव आहे. तिथले शिकणारे डॉक्टर आपल्या खिशासाठी जी टिपणं करायचे, त्याचं पुस्तक झालं आणि ते आमच्या टेबलापर्यंत आलं.

आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत शेवटचं अतिथिसंविभाग. अतिथी म्हणजे ज्याची यायची तिथी ठरलेली नाही. मुनी, आर्यिका, ज्यांना बोलावणं धाडता येत नाही. त्यांच्यासाठी आपल्या ताटातला वाटा. हे मी लहानपणापासून पाठ म्हणते, पण हॅरिएटची गोष्ट वाचताना एक साधी गोष्ट लक्षात आली. व्हाइट हाऊसमध्ये तिनं ज्यांना जेवू घातलं त्यातला एकही अतिथी नव्हता. सगळ्यांची तिथी ठरलेली, चिठ्ठ्या गेलेल्या, खुर्च्या मोजलेल्या. युवराजही पाहुणाच. माझे जर्मनसुद्धा. तिचे अतिथी म्हणजे ती हातगाडीभर लाकडांची म्हातारी, आणि पुढं ती आजारी मुलं, ज्यांना तिनं पाहिलंही नाही. आहार, औषध, शास्त्र, अभय या चार दानांत औषधदान तर झालंच, आणि त्या पुस्तकापायी शास्त्रदानही. तिला आपला धर्म माहीत नव्हता, हे मी विसरलेले नाही.

हे सगळं मी एका रविवारी भाचीला सांगितलं. ती पोहे खात होती. मधेच थांबून म्हणाली, “मामी, सांध्यांच्या तापाची मुलं अजून येतात गं आमच्याकडे. परवाच एक आली, आठ वर्षांची, वडील चाकणला कंत्राटावर काम करतात. घसा दुखला तेव्हा नेलंच नाही कुठं. आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं.”

मी विचारलं, “दर तीन आठवड्यांनी आणतील का?”

“त्याचीच तर काळजी आहे. एक दिवस सुट्टी म्हणजे त्यांची मजुरी जाते.”

पुढच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाची बैठक होती. पर्युषणातल्या वर्गणीचे काही पैसे शिल्लक होते आणि दरवर्षीप्रमाणे त्यातून मंदिरासाठी चांदीचं छत्र घ्यावं, असा विषय होता. मी त्या मुलीच्या येण्या-जाण्याच्या रिक्षाचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब कागदावर मांडून नेला. थोडा वाद झाला. छत्र पुढच्या वर्षावर गेलं. त्या मुलीचं पुढचं इंजेक्शन येत्या बुधवारी आहे, आणि रिक्षावाल्याला सकाळी सातला सांगितलं आहे.